दुसऱ्या रकान्यातली सही

१

वॉर्डात तिला सगळे तिखट सिस्टर म्हणत, आणि मागून नव्हे, तोंडावर म्हणत. तिची काही हरकत नव्हती. अठ्ठावीस खाटांचा पुरुषांचा वॉर्ड गोड बोलून चालत नाही, हे तिचं ठाम मत होतं आणि बावीस वर्षांत ते बदलावं असं काही घडलं नव्हतं. पथ्य मोडणाऱ्याला ती त्याच्या बायकोसमोर झापायची. डॉक्टरांनी गिचमिड लिहिलं की कागद परत पाठवायची, वर निरोप द्यायची की कोंबडीचे पाय आम्हाला वाचता येत नाहीत. पण तिच्या हातची सुई दुखत नाही, हेही तेच लोक सांगायचे.

दुपारी साडेबाराला, जेवणाच्या गाड्या यायच्या आधी, इन्सुलिनची फेरी असे. औषधांची ट्रॉली पुढे ढकलली की तिचं डावं चाक कुरकुरायचं, आणि त्या आवाजावर साखरेचे पेशंट आपोआप बाह्या वर करायचे. या फेरीचा एक नियम होता. सुई एकटीने द्यायची नाही. एकीने भरायची आणि मोठ्याने वाचायचं: खाट, बाटली, टोपी, युनिट. दुसरीने ती सुई स्वतःच्या डोळ्यांनी, अगदी पहिल्यापासून तपासायची, आणि मगच म्हणायचं, "बरोबर." त्यानंतर रजिस्टरात दोन सह्या. पहिल्या रकान्यात देणारीची, दुसऱ्या रकान्यात बघणारीची.

टोपीचं प्रकरण असं, की इन्सुलिन दोन ताकदीचं येत होतं. चाळीसच्या बाटलीला लाल टोपीची सुई, शंभरच्या बाटलीला नारिंगी टोपीची. शंभरच्या बाटलीतलं औषध चुकून लाल टोपीच्या सुईत भरलं, तर खूण तीच दिसते आणि माणसाच्या अंगात अडीचपट जातं. चाळीसची बाटली केव्हाच बंद करायला हवी होती. पण ऑफिसातून कागद आला होता: जुना साठा संपेपर्यंत दोन्ही वापरावे. त्या कागदावर सही करणाऱ्याने आयुष्यात कोणाला सुई टोचली नव्हती.

तर ही दुसरी, म्हणजे धाकटी सिस्टर. सहा वर्षं दोघींची जोडी होती. मग वरच्या मजल्यावर नवी विंग निघाली, गालिचे, फुलदाण्या, खोलीखोलीत टीव्ही, आणि धाकटीला उचलून तिकडे नेलं. बदली माणूस आठवड्याभरात देते, असं मेट्रनबाई म्हणाल्या. असे सात आठवडे झाले. बदली माणूस तर आला नाहीच, उलट रात्रपाळीची सिस्टर आजारी पडली आणि तिच्याही पाळ्या हिच्याच गळ्यात आल्या. सकाळी सातला यायचं, संध्याकाळी सातला सुटायचं, आणि आठवड्यातून तीनदा सुटायचंच नाही.

एकटी असली तरी ती मोठ्याने वाचायची. हाताला जशी सवय असते तशी तोंडालाही असते. वाचायची, क्षणभर थांबायची, मग स्वतःच पुन्हा पाहायची आणि एकच सही करायची. दुसरा रकाना कोरा सोडायची. खोटी सही तिने कधी केली नव्हती, आणि मेट्रनबाई डोक्यावर येऊन बसल्या तरी करणार नव्हती.

त्या मंगळवारी ती सात नंबरच्या खाटेशी उभी होती.

"सात. बाटली शंभरची. टोपी नारिंगी. सोळा युनिट," तिने वाचलं आणि सवयीने थांबली.

"बरोबर," मागून कोणीतरी म्हणालं.

तिने सुई टोचली, कापूस दाबला, टोपी डब्यात टाकली. मग तिच्या लक्षात आलं, की मागे कोणी असायला नको.

२

मागे हात धुण्याचं बेसिन होतं, बाजूला कचऱ्याचा डबा. माणूस कोणी नव्हतं.

"काका, आत्ता कोण बोललं?"

सात नंबरचे काका शिंपी होते. पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती, म्हणून तीन आठवडे पडून होते. त्यांच्या चष्म्याची एक काडी मोडलेली, ती त्यांनी काळ्या दोऱ्याने इतकी सफाईने गुंडाळली होती की नवीन काडीने लाजावं. तो चष्मा दिवसातून दहा वेळा हरवायचा, आणि दहा वेळा उशीच्या अभ्र्यात सापडायचा. तिखट सिस्टरला न घाबरणारा वॉर्डातला हा एकच माणूस.

"तुम्हीच की," काका म्हणाले. "आधी वाचलंत, मग बरोबर म्हणालात. स्वतःच प्रश्न, स्वतःच उत्तर."

"मी नाही म्हणाले."

"मग मी म्हणालो असेन. पण माझा आवाज एवढा मऊ कधीपासून झाला?"

एरवी तिने त्यांना एखादा तिखट टोला हाणला असता. आज ती तो आवाजच आठवत राहिली. आवाज बाईचा होता, ओळखीचा होता, पण जड. गालाखाली उशी असताना माणूस बोलतं तसा.

तिने थंड पाण्याने तोंड धुतलं आणि मनाशी विचार केला. तसा तो अवघड नव्हता. शिकाऊ मुलींना ती स्वतःच दरवर्षी सांगायची. फार वेळ जागं राहिलं की मेंदू परवानगी न विचारता झोपून घेतो. चार-पाच सेकंद, डोळे उघडे ठेवून. माणूस उभा असतो, हात चालू असतात, आणि आत स्वप्नाचा तुकडा पडून जातो. झालं असेल तसंच. ती तीन बिस्किटं खाऊन पुढच्या खाटेकडे गेली. हल्ली तिला सारखं गोड खावंसं वाटायचं, आणि खाल्लं की स्वतःचाच राग यायचा.

संध्याकाळी रजिस्टर बंद करताना तिने पाहिलं. त्या दिवशीच्या अकरा सुया, अकरा ओळी. पहिल्या रकान्यात तिच्या अकरा सह्या. आणि दुसरा रकाना भरलेला.

सही कसली, नुसती आडवी रेघ, शेवटाला किंचित खाली घसरलेली. लिहिता लिहिता डोळा लागला की पेन जातं तशी. म्हणजे आपलीच पेंग, ती स्वतःला म्हणाली. पण तिने बोट लावून एकेक ओळ पाहिली, तेव्हा तिच्या हातावर काटा आला. अकराच्या अकरा रेघा एकाच जागी सुरू झाल्या होत्या आणि एकाच जागी घसरल्या होत्या. पेंगणारा हात एवढा शिस्तीत चालत नाही.

३

मेट्रनबाईंनी दुसऱ्या दिवशी बोलावलं ते चक्क शाबासकी द्यायला.

"बघा, जमलं की नाही? इतके आठवडे तुमचा रकाना कोरा. तपासणीला माणसं आली तर मी काय तोंड दाखवणार होते?"

"ती सही माझी नाही, मॅडम."

"तुमची नकोच आहे. दुसरीची हवी."

"दुसरी कोण? खाली दुसरी आहेच कोण?"

मेट्रनबाईंनी रजिस्टर मिटलं. त्यांच्या टेबलावर काचेखाली कर्मचाऱ्यांच्या सहलीचा फोटो होता, त्यात त्या मधोमध हसत होत्या. "सिस्टर, कोण ते तुमचं तुम्ही बघा. रकाना भरलाय, मला पुरे आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला पुरे आहे? अठ्ठावीस माणसं आहेत खाली! मी एकटी आहे! काल मी तापाची गोळी दिली की नाही हे मला आठवेना, चार नंबरच्या मुलाला फोन करून विचारलं, अरे बाबा, मी तुझ्या वडिलांना गोळी दिली का रे! मला माणूस द्या. कागद नको, शाबासकी नको, माणूस!"

"ताण सगळ्यांनाच आहे. तुमची चिडचिड फार वाढलीय हल्ली."

"ही चिडचिड नाही, राग आहे. दोन्हींत फरक असतो."

ती दार आपटून बाहेर पडली, आणि समोर भिंतीवर ते पोस्टर होतं. रुग्णालयानेच छापलेलं, जाण्यायेण्याच्या वाटेवर लावलेलं. *पुरेशी झोप घ्या.* खाली यादी: चिडचिड. विसरभोळेपणा. हातातून वस्तू पडणे. सारखं गोड खावंसं वाटणे. वारंवार सर्दी-पडसे. रक्तदाब वाढणे. जागेपणी क्षणभर डुलकी लागणे. नसलेले आवाज ऐकू येणे. ती एकेका ओळीला मनात खूण करत गेली आणि खूण न झालेली ओळ उरली नाही. शेवटी ठळक अक्षरात लिहिलं होतं, की झोप अपुरी असलेल्या माणसाला स्वतःला ते जाणवत नाही. त्याला वाटतं, आपल्याला सवय झाली.

सकाळी फाटकात धाकटी भेटली होती. तिखट सिस्टर तिला हेच म्हणाली होती. "आता सवय झालीय गं मला."

पोस्टरवर चित्र होतं, पांढऱ्या उशीवर झोपलेल्या बाईचं. बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, नुसती पाठ दिसत होती. ज्यांनी आपली झोप काढून घेतली त्यांनीच ते चित्र लावावं, याची तिला इतकी चीड आली की तिने पोस्टरचा एक कोपरा टरकन फाडला. मग वर जाऊन तिने धाकटीला गाठलं.

"माझ्या रजिस्टरात सह्या तू करतेस का? दया आली असेल तर तसं सांग."

"ताई, मी कशी करीन? मला खाली यायला लिफ्टचं कार्डसुद्धा नाही देत." धाकटीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कधी झोपलात शेवटच्या?"

तिने बोटांवर दिवस मोजले. तिला आठवेना.

४

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. माणूस गरीब स्वभावाचा, थट्टेखोर. बायको रागावली की तो मुद्दाम एखादा चष्मा उलटा लावून यायचा, आणि वीस वर्षांत तो उपाय बहुतेक वेळा चालला होता. हल्ली चालत नव्हता. परवाच पेला हातातून निसटून फुटला तेव्हा ती त्याच्यावरच ओरडली होती, आणि तो बिचारा शेजारच्या खोलीत होता.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तर त्याने ताट वाढून ठेवलं होतं.

"बस. आज जरा चेहरा बरा दिसतोय. दुपारची झोप लागली वाटतं."

"दुपारची कसली झोप? कोणाची?"

"तुझी. मी जेवायला आलो होतो ना साडेबाराला. तू झोपली होतीस. म्हटलं, सुटली लवकर आज, उठवायला नको. डबा घेऊन स्वयंपाकघरात बसलो, पावलाचा आवाज न करता."

तिने घास खाली ठेवला. "मी दुपारी वॉर्डात होते. सकाळी सातपासून आत्तापर्यंत."

"अगं, मी पाहिलं तुला. भिंतीकडे तोंड करून, अशी एका कुशीवर. माझी निळी चादर घेतली होतीस." तो हसला. "आणि झोपेत बोललीससुद्धा."

"काय?"

"'बरोबर' म्हणालीस. दोन-तीनदा म्हणालीस. म्हटलं, चला, झोपेत का होईना, ही बाई माझं काहीतरी बरोबर आहे म्हणाली."

तिला हसू आलं नाही. ती उठून झोपायच्या खोलीत गेली. पलंगावर चादर चुरगळली होती, ती तिने सकाळी घाईत तशीच टाकली असेल. उशीत खळगा होता. तोही सकाळचाच असेल. नवरा कामाचा माणूस, घाईत आला, चादरीचा ढीग पाहिला आणि त्यात त्याला बायको दिसली. होतं असं. तिने उशीवर हात ठेवला.

उशी कोमट होती.

"तू झोपला होतास का इथे?" तिने ओरडून विचारलं.

"मी? मी आत्ताच आलो की," तो बाहेरून म्हणाला.

त्या रात्री ती पलंगावर झोपली नाही. खुर्चीत बसून राहिली, आणि आपल्या पलंगाचा आपल्याला राग यावा याचा तिला जास्त राग आला.

५

शुक्रवारी सकाळपासून तिच्या डाव्या पापणीत काहीतरी उडत होतं. साडेबाराला तिने ट्रॉली काढली. चाक कुरकुरलं, बाह्या वर झाल्या. तीन नंबर, पाच नंबर. प्रत्येक खाटेशी तिने वाचलं, प्रत्येक खाटेशी मागून तो जड आवाज आला, "बरोबर." ती वळून बघायची नाही. वळलं की बेसिन आणि डबाच दिसणार, हे तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर त्या आवाजाचा तिला आधार वाटायला लागला होता. सात आठवड्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तिच्या मागे उभं होतं. मेट्रनबाईंनी दिलं नाही ते कोणीतरी देत होतं.

"सात. बाटली शंभरची. टोपी नारिंगी. सोळा युनिट."

"बरोबर."

तिने काकांचा दंड धरला.

"सिस्टर, थांबा जरा," काका म्हणाले. त्यांनी उशीच्या अभ्र्यातून चष्मा काढून नाकावर चढवला. "आज टोपी लाल कशी?"

"नारिंगी आहे."

"अहो, पन्नास वर्षं दोरे जुळवलेत मी. सदऱ्याला लाल आणि नारिंगीचा घोळ केला असता तर गिऱ्हाइकाने मला उभं केलं नसतं. ही लाल आहे."

तिने ट्रेमधली टोपी उचलली. नारिंगी होती. मग तिने डोळे घट्ट मिटले, उघडले, टोपी खिडकीच्या उजेडात धरली. लाल.

शंभरची बाटली, लाल टोपीची सुई, सोळाच्या खुणेपर्यंत भरलेली. सोळाच्या जागी चाळीस युनिट. काका जेवले असते, नसते जेवले. जेवणानंतर डुलकी लागली असं सगळ्यांना वाटलं असतं, घाम आला तर उकडतंय असं वाटलं असतं, आणि चार वाजता चहावाल्याने हाक मारली असती तेव्हा ते उठले नसते.

ती खाटेच्या कडेवर बसली, बावीस वर्षांत ती पेशंटच्या खाटेवर कधी बसली नव्हती. मग तिला राग आला. काकांचा नाही, स्वतःचाही नाही. त्या मागे उभ्या असणारीचा.

"बरोबर म्हणालीस?" ती भिंतीकडे बघून ओरडली. "काय बरोबर? डोळे आहेत का तुला? माझ्या हातून माणूस मारतेस?"

पाच नंबरच्या पेशंटचा मुलगा दारापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. काकांनी तिच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या बोटांची टोकं सुयांनी खरबरीत झाली होती.

"सिस्टर, घरी जा आणि झोपा बघू. मी माझ्या मुलीला असंच सांगितलं असतं."

"काका, माझं एक ऐका. दुसऱ्या कोणी इथे आलं आणि सुई देते म्हणालं, तर घ्यायची नाही. कोणीही असो. फक्त माझ्याच हातून घ्यायची. शब्द द्या."

"दिला. तुमच्याशिवाय कोणाला दंडच दाखवणार नाही."

६

मेट्रनबाई या वेळी हसल्या नाहीत. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"आरडाओरडा झाला म्हणे वॉर्डात. पेशंटसमोर."

"चाळीस युनिट जाणार होती आज. लिहून घ्या. मी स्वतः लिहून देते. त्या लाल टोप्या आजच्या आज वॉर्डातून हलवा."

"चूक झाली का?"

"होता होता राहिली."

"म्हणजे नाही झाली." त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, पान उघडलं आणि बोट ठेवलं. सात नंबरच्या ओळीत, जिथे तिने अजून सही केली नव्हती, तिथे दुसऱ्या रकान्यात रेघ होती. घसरलेली. "दुसरीने तपासलेलं आहे. तुमच्या हातून काही झालं असतं तरी रुग्णालयाकडून नियम पाळला गेलाय. समजतंय ना मी काय म्हणते?"

तिला समजलं. चांगलं समजलं. तिने ते रजिस्टर उचललं आणि टेबलावर एवढ्या जोरात आदळलं, की काचेला तडा गेला.

"तुम्हाला माणूस नकोच आहे! तुम्हाला ही रेघ हवी आहे! रेघेला जेवण लागत नाही, रजा लागत नाही, झोप लागत नाही!"

मेट्रनबाईंनी तडा गेलेल्या काचेकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "उद्यापासून दोन दिवस तुमची रजा. झोपा जाऊन. मी उपकार करतेय असं समजा."

"आणि वॉर्डात कोण?"

"असतंच कोणी ना कोणी."

सात आठवडे तिने माणूस मागितला होता, आणि मिळाली ती रजा. पण जाताना तिने एक काम स्वतःच्या जबाबदारीवर केलं. औषधांच्या कोठीत, त्या मंद पिवळ्या दिव्याखाली, तिने सुयांचं कपाट उघडलं. लाल टोपीच्या सुयांची होती नव्हती ती सगळी खोकी पर्समध्ये कोंबली, पर्सची चेन लागेना इतकी. चोरी म्हणायची तर म्हणोत. आता कपाटात एकच रंग उरला होता. उद्या येणारी कोणीही असो, चुकायचं म्हटलं तरी तिला चुकता येणार नव्हतं.

७

शनिवारी नवरा कामाला गेला आणि घरात शांतता झाली. बाहेर कोणीतरी जिन्याचे कठडे रंगवत होतं, त्याचा रेडिओ बारीक वाजत होता. तिने पडदे ओढले नाहीत. पलंगावर झोपणार नाही, असं तिने ठरवलंच होतं. ती पलंगाच्या कडेला नुसती बसली, पाठ ताठ ठेवून, मांडीवर फोन घेऊन.

डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होत होती. छातीत मधूनच एक ठोका चुकायचा आणि पुढचा जोरात पडायचा. साडेबारा होऊन जाऊ देत, मग झोपू, ती म्हणाली. एकदा फेरी झाली की झोपू. काकांनी शब्द दिलाय. लाल टोप्या आपल्याकडे आहेत. दोन कड्या लावल्यात आपण, आणि दोन्ही आतून.

बारा वाजून वीस मिनिटांनी, हाताला काहीतरी उद्योग हवा म्हणून, तिने पर्स उघडली. एक खोकं काढून खिडकीत धरलं. खोक्याला वर पारदर्शक कागद होता आणि दुपारचं ऊन सरळ त्यावर पडत होतं.

नारिंगी.

तिने दुसरं काढलं. नारिंगी. तिसरं, चौथं. पर्स उलटी केली. पलंगभर नारिंगी टोप्या पसरल्या.

म्हणजे कपाटात एकच रंग उरला होता, हे खरं होतं.

तिने वॉर्डाचा नंबर लावला. बोटं चुकली, पुन्हा लावला. रिंग वाजायला लागली. सिस्टरच्या टेबलावरचा तो जुना काळा फोन, बेसिनपासून चार पावलांवर. उचला, उचला, मेल्यांनो, कोणीतरी उचला. ती शिव्या देत होती, मेट्रनबाईंना, ऑफिसातल्या त्या सही करणाऱ्याला, त्या गालिच्यांना. शिव्या देता देता तिच्या लक्षात आलं की समोर भिंत आहे. अगदी जवळ. भिंतीवरचा रंगाचा पोपडा दिसतोय. आपण बसलो होतो. आडवे कधी झालो? एका कुशीवर, भिंतीकडे तोंड करून, अंगावर निळी चादर, फोन कानाखाली, आणि फोनखाली उशी.

रिंग थांबली. कोणी हॅलो म्हणालं नाही. आधी पंख्याची घरघर आली. मग लांबून, जवळ येत, ट्रॉलीचं डावं चाक.

थांबवा, ती ओरडली. सुया थांबवा, लाल आहेत! पण खोलीत आवाज झालाच नाही. जीभ टाळूला चिकटली होती, आणि पापण्या कोणीतरी वरून दाबून धरल्या होत्या.

"चष्मा कुठे गेला कोण जाणे," काकांचा आवाज आला, स्वच्छ, जवळून. "अभ्र्यातही नाही. सिस्टर, तुम्हीच आहात ना?"

"मीच आहे, काका," तिचा स्वतःचा आवाज म्हणाला. ताजा, खणखणीत, भरपूर झोप झालेल्या माणसाचा.

"आज तर सुट्टी होती म्हणत होते तुमची."

"सुट्टी कसली? हात पुढे करा."

"करतो की. शब्द दिलाय तुम्हाला, फक्त तुमच्याच हातून." चादर सरकल्याचा आवाज झाला. "तुम्ही आहात म्हटल्यावर चष्मा कशाला हवा?"

"सात," तिचा आवाज वाचू लागला. "बाटली शंभरची. टोपी नारिंगी. सोळा युनिट."

आणि तो थांबला. नियमाप्रमाणे.

पलंगावर, मिटलेल्या पापण्यांच्या आत, तिने सगळा राग गोळा केला. बावीस वर्षांचा, सात आठवड्यांचा, त्या कोऱ्या रकान्याचा, त्या भरलेल्या रकान्याचा. एवढ्या रागाने दार मोडलं असतं. तिला फक्त एक शब्द हवा होता, थांब, तेवढाच, आणि पलीकडे वॉर्ड तिच्यासाठी थांबून होता. तिने जीव एकवटून तो छातीतून वर ढकलला, घशातून, जिभेवर आणला. ओठ सुटले.

"बरोबर," ती म्हणाली.